पन्नास बाया कुठून आणायच्या?

समाजशास्त्रात एम.ए. करून मी वस्तीत, घरातच पाळणाघर चालवते. सकाळी ७ ते संध्याकाळी ७, नऊ लेकरं. दिवसभर मोठ्या माणसाशी बोलणं नाही. नियम विचारायला मात्र माणसं येतात: खोली किती फुटांची, परवाना कुठाय? कार्यकर्ते विचारतात, ताई बैठकीला का येत नाही? (त्यांची लेकरं कोण सांभाळतं, हे कुणी विचारत नाही.)

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना आईचा भार बराचसा सरकारनं उचलावा, अशी भूमिका मांडली. २०१७ च्या दुरुस्तीनं ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. माझ्याकडच्या आया धुणीभांडी करतात. एका घरात एकच कामवाली. मग हा कायदा कुणासाठी?

मित्रहो, पुढची बैठक माझ्याकडे घ्या. रविवार नको, मंगळवारी दुपारी, लेकरं असतानाच.