मापाचा झंपर

माझ्या शिवणक्लासात एक नियम होता: मापाचा ब्लाऊज आणायचा नाही. टेप घ्यायची, अंग मोजायचं, खाकी कागदावर ड्राफ्टिंग करायचं आणि मगच कापडाला कात्री लावायची. जुना ब्लाऊज कापडावर पसरून त्याच्या कडेने खडू फिरवणं ही नक्कल आहे, विद्या नव्हे, असं मी आमच्या मोरा बंदरातल्या मुलींना वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. तो नियम मी काढून टाकला आहे. आता नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, घरात सगळ्यांत जुना ब्लाऊज असेल तो घेऊन या.

मी झारापकर पद्धतीच्या पुस्तकावरून शिकले. छातीचा चौथा भाग, त्यात सैलपणा, गळ्याला बारावा भाग, मग मुंढ्याची गोलाई. एका मापातून बाकीची मापं निघतात हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. त्या पद्धतीवर कितीतरी बायकांनी घरात मशीन टाकून संसार चालवले, तिचं ऋण मी आजही मानते. पण तिच्यामुळे माझी एक समजूतही घट्ट झाली: जे कागदावर आहे तेच ज्ञान.

परदेशातल्या जुन्या पॅटर्नची पाकिटं बघायला मिळाली तेव्हा ती समजूत आणखी पक्की झाली. बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याने १८६३ मध्येच वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले होते. १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये डिओरने बारीक कंबर आणि मोठ्या घेराचे झगे दाखवले, आणि त्या धाटणीचे कपडे घरी शिवता यावेत म्हणून पॅटर्नची पाकिटं निघाली. जर्मनीत एने बुर्डा यांचं मासिक १९५० साली सुरू झालं आणि १९५२ पासून त्यात पॅटर्नचे कागद येऊ लागले. पातळ कागदावर छापलेली प्रत्येक रेघ, प्रत्येक खूण जपून ठेवलेली. मला वाटायचं, त्यांच्याकडे त्या काळाचा वारसा आहे. आपल्याकडे काय, लुगडं तर न शिवलेलं, आणि झंपर शिवला, वापरला, फाटला, संपला.

मग एका मुलीने तिच्या आजीच्या ट्रंकेतला झंपर आणला. आजी लग्न होऊन मोरा कोळीवाड्यात आली तेव्हाचा, म्हणजे १९५० नंतरच्या दशकातला. फुलांच्या छापाचं केंब्रिक, रंग विटलेला, बाही कोपरापर्यंत, पुढे बटणं आणि हाताने केलेली काजं. मी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि शिवणी बघत बसले.

मुंढा काखेत अगदी वर घेतलेला होता. आज आपण ब्लाऊज शिवतो तेव्हा मुंढा खाली उतरवतो, काखेत काचू नये म्हणून. पण मुंढा जितका खाली, तितकी हात वर करताना बाही अख्ख्या ब्लाऊजला ओढून नेते. या झंपरात तसं होऊ नये म्हणून काखेत एक चौकोनी तुकडा कोन खाली करून बसवला होता. हात वर गेला की तो तुकडा उलगडणार, पाठ जागच्या जागी राहणार. बाजूच्या शिवणीत दोन बोटं दाब ठेवलेला, आणि पूर्वीच्या शिवणींच्या बारीक भोकांवरून दिसत होतं की झंपर पुन्हा पुन्हा उसवून सैल केला होता. बाहीला आतल्या बाजूने जोड होता, फुलं फुलांना जुळतील असा. १९४३ च्या कापड नियंत्रणापासून ज्यांनी कंट्रोलचे दिवस काढले त्या पिढीच्या हाताने कापडाची चिंधी वाया घालवली नसती.

सगळ्यांत जास्त वेळ मी मुंढ्यांवर घालवला. उजवा मुंढा डाव्यापेक्षा अर्धा इंच वर होता. आधी वाटलं शिवणाऱ्याचा हात चुकला. मी दुसऱ्या दिवशी आजींकडे गेले. त्या म्हणाल्या, "पाटी डोईवर घेतली का उजवा हात वरच ऱ्हातं. झंपर वर सरकला तं कसा चालंल?"

आपलं ड्राफ्टिंग अर्ध्या अंगाचं असतं. कागदावर अर्धी पाठ, अर्धी छाती काढायची, कापडाची घडी घालायची, दोन्ही बाजू सारख्या येतात. उजव्या हाताने माशांची पाटी धरून बंदरावर चढणाऱ्या बाईचं अंग तसं नसतं, आणि तो झंपर ज्याने किंवा जिने शिवला त्याला ते ठाऊक होतं. मी तो झंपर न उसवता त्यावरून कागद काढला, साध्या पॉपलिनमध्ये एक नमुना शिवला आणि त्याच मुलीच्या मापाचा दुसरा नमुना माझ्या नेहमीच्या ड्राफ्टवर शिवला. दोन्ही घालून तिला हात वर करायला लावले. माझ्या नमुन्यात पोट उघडं पडलं. आजींच्या नमुन्यात कड हललीसुद्धा नाही.

तेव्हा त्या परदेशी पाकिटांकडे मी नव्याने बघायला लागले. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली गेली, १९४१ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि पुढे १९५८ मध्ये त्यांच्या आधारे सरकारी प्रमाणमापं ठरली. त्या हिशेबात फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली होती. पाकिटावरचा आकडा म्हणजे अशी सरासरी, ती कुणा एकीचं अंग नव्हे. मापाचा झंपर मात्र एकाच बाईचा पॅटर्न असतो, आणि तिचं काम, तिची बाळंतपणं, तिचा खांदा त्यात उतरलेला असतो. आपल्याकडे पॅटर्न नव्हते हे खरं नाही. ते कापडात होते, शिंप्याच्या पिशवीत होते, एका झंपरावरून दुसऱ्या झंपरात जात होते.

फॅशनबद्दलचं माझं मतही त्याबरोबर हललं. त्या काळची फॅशन म्हटलं की मला सिनेमा आठवे: कोल्हापूरच्या भानू अथैया, ज्यांनी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढता काढता १९५६ च्या 'सीआयडी'मध्ये पडद्यावरच्या बायकांना कपडे दिले, १९६५ च्या 'वक्त'मध्ये साधनाला घट्ट चुडीदार-कुर्ता घातला आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर मिळवलं. त्यांचं काम पडद्यावर टिकलं, पुस्तकात आलं. आजींच्या झंपराच्या गळ्याला मात्र जांभळी उरेब पट्टी होती, आणि ती कुठून सुचली विचारलं तर त्या हसल्या. मासळी घेऊन लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्याला जायच्या, तिथे एका बाईच्या झंपराला पाहिली होती. कापड मंगलदास मार्केटचं, पट्टी स्वतः निवडलेली. खाडीच्या या बाजूलाही बायका बघत होत्या, ठरवत होत्या, शिंप्याला सांगत होत्या. त्याची नोंद कुणी ठेवली नाही, एवढंच.

टेप मी सोडलेली नाही. मापाचा ब्लाऊज ताणलेला असतो, धुऊन आटलेला असतो, अंग बदललेलं असतं. नुसत्या त्याच्यावर विसंबलं तर ब्लाऊज बिघडतोच. मुलींना मी दोन्ही शिकवते: आधी जुना ब्लाऊज वाचायचा, मग अंग मोजायचं, मग कागदावर दोघांचा मेळ घालायचा. वेळ जास्त लागतो. लागू दे.

तुमच्या घरातही असा एखादा झंपर असेल, आजीचा, पणजीचा, खणाची चोळी असेल, फुग्याच्या बाहीचं पोलकं असेल. बोहारणीला द्यायच्या किंवा पायपुसणं करायच्या आधी तो उलटा करा. उसवू नका. खाकी कागदावर ठेवून टाचण्यांनी प्रत्येक शिवणीवर भोकं पाडा, भोकं जोडून रेघ ओढा. उजवी आणि डावी बाजू वेगवेगळी काढा. दाब किती, जोड कुठे, काखेत काय आहे ते लिहा. आणि त्या कागदावर घालणारीचं नाव, गाव, साल आणि ती काय काम करायची, हेही लिहा.