कुंभार पिंपळगाव ते नान्नज : माळरानातील पाच दिवस

प्रवासवर्णने वाचण्याचा ज्यांस नाद आहे त्यांच्या हे ध्यानात आले असेल की, दूरचा प्रदेश जितका चटकन डोळ्यांत भरतो, तितका घराजवळचा भरत नाही. आमच्या दोघा भाच्यांस दक्षिण आफ्रिकेचे वेड लागले होते. नामिबियाची तांबडी वाळू, एटोशाच्या पाणवठ्यावर जमलेले हत्ती, कलहारीच्या माळावर मोटार उभी करून तिच्या शेजारी ठोकलेला तंबू, ही दृश्ये त्यांनी पडद्यावर इतक्या वेळा पाहिली होती की, तेथील श्वापदांची नावे त्यांस आपल्या शिवारातील पाखरांच्या नावांपेक्षा अधिक पाठ होती. "मामा, आपण कधी जायचं?" हा प्रश्न दर सुटीस ठरलेला. शिक्षकी पेशाच्या माणसास तो खर्च झेपणारा नव्हे, हे त्यांस कितीही सांगितले तरी पटेना. अखेर गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही म्हटले, "कलहारी येथून फार दूर आहे, परंतु तिची एक धाकटी बहीण आपल्या दाराशीच राहते. चला, तिला भेटून येऊ."

हे केवळ मुलांची समजूत घालण्यासाठी बोललो नाही. कलहारीस वाळवंट म्हणतात खरे, पण तेथे थोडाबहुत पाऊस पडतो, गवत उगवते, व त्या गवतावर हरणांचे कळप जगतात. आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीस अडतात व आपला बहुतेक भार तेथेच उतरवितात. महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर कर्जत, करमाळा या बाजूस जेमतेम पाच-सहाशे. या पर्जन्यछायेत पाटोद्यापासून सोलापुरापर्यंत जो उघडा, मुरमाड, गवताळ मुलूख पसरला आहे, त्यास आपण 'पडीक' असे म्हणून मोकळे होतो. त्या पडीक मुलखातून पाच दिवस प्रवास करावयाचा, रात्री तंबूत निजावयाचे, व वाटेतील तीन अभयारण्ये पाहावयाची, असा बेत ठरला.

बेत ऐकून आमचे वडील, अण्णा, म्हणाले, "मीही येतो." त्यांचे वय ऐंशीच्या घरातले व गुडघे दुखरे, आम्ही कचरलो. परंतु त्यांच्या येण्यास एक निराळेच कारण होते. गावाबाहेर आमचा चार एकरांचा माळ आहे. कुसळी व पवन्या यांखेरीज त्यात काही पिकत नाही. लहानपणी त्या माळावर आपण माळढोक पाहिला आहे, असे अण्णा नेहमी सांगत. त्यांच्या त्या गोष्टीवर घरात कोणाचाही विश्वास नव्हता. आमचे थोरले बंधू शेती पाहतात. येत्या उन्हाळ्यात यंत्र लावून माळ सपाट करावा व जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातून पाइपाने पाणी आणून तेथे मोसंबी लावावी, असे त्यांनी ठरविले होते. यंत्रवाल्यास इसारही दिला होता. मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा असता चार एकर जमीन कुसळांस सोडणे परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे वावगे म्हणता येत नव्हते. अण्णांनी वाद घातला नाही. ते इतकेच म्हणाले की, तो पक्षी एकदा पुन्हा पाहावा अशी इच्छा आहे.

एका भल्या पहाटे आमच्या मेहुण्यांच्या लहान टेम्पोतून आम्ही पाच जण निघालो. दोन तंबू, सतरंज्या, पाण्याचे दोन पिंप, बाजरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी व अण्णांची खुर्ची एवढे सामान होते. तीर्थपुरीवरून शहागडास आलो, गोदावरी ओलांडली, आणि गेवराई, बीड मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढलो. घाट चढताच कालव्याच्या पट्ट्यातील हिरवा ऊस मागे राहिला व बालाघाटाचा करडा माथा सुरू झाला.

वाटेत एक देखावा वारंवार दिसत होता. ट्रॅक्टरांच्या मागे जोडलेल्या गाड्यांत भांडी, बाजा, शेळ्या, कोंबड्या व त्यांवर बसलेली मुलेबाळे, अशी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिमेकडे चालली होती. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जाणारी ही माणसे पुढील चार-पाच महिने कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोपीत राहतात. धाकट्या भाच्याने विचारले, "मामा, हेही तंबूत राहायला चाललेत का?" गाडीवर बसलेला एक मुलगा त्याच्याच वयाचा होता, व त्याच्या पाठीस दप्तर होते. आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही.

पहिला मुक्काम नायगावाजवळ पडला. तेथील मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले. सायंकाळी मोर पुष्कळ दिसले, परंतु दिवाळीत त्यांचा पिसारा झडलेला असल्याने मुलांचा थोडा हिरमोड झाला. येथे एक गोष्ट त्यांस सांगितली. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा चालू असता थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी माळढोकाचे नाव आग्रहाने सुचविले होते. १९६३ साली तो मान मोरास मिळाला. मोरास तो शोभतोही. पण मोर त्या मानावाचून जगला असता, इतकेच आमचे म्हणणे आहे.

दुसऱ्या दिवशी जामखेडवरून कर्जत तालुक्यातील रेहेकुरीस पोहोचलो. अभयारण्यात मुक्काम करण्यास परवानगी नसते; म्हणून शेजारच्या एका शेतकऱ्यास विचारून त्याच्या खळ्यावर तंबू ठोकले. १९८० साली स्थापन झालेले हे काळविटांचे अभयारण्य अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांचे आहे. एखाद्या मध्यम गावाचे शिवारही याहून मोठे असते! एटोशाचे क्षेत्रफळ सुमारे बावीस हजार चौरस किलोमीटर आहे, हे पाठ असलेल्या आमच्या थोरल्या भाच्याने फाटकाशीच नाक मुरडले. परंतु उन्हे उतरली, बाभळींच्या आडून एक कळप बाहेर आला, पाठीवर काळाभोर व पोटाखाली शुभ्र असा, पीळदार शिंगांचा एक नर मान मागे टाकून माद्यांपुढे मिरवू लागला, आणि कशाने तरी बिचकून सारा कळप चेंडूसारखा उसळ्या घेत निघाला, तेव्हा त्याचे नाक आपोआप सरळ झाले.

काळवीट ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरांच्या वेगाने धावू शकतो. एवढा वेग कशासाठी? आजच्या कोणत्याही शत्रूपासून सुटण्यास इतक्या वेगाची गरज नाही. तो वेग चित्त्याने त्यास शिकविला. चित्ता गेला, पळणे राहिले. कोल्हापूरच्या दरबारी काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत, व पुढे येथील चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेहून आणवीत. १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे सरकारने मान्य केले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियाहून आठ चित्ते विमानाने मध्यप्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. "म्हणजे नामिबियाच आपल्याकडे आला!" असे म्हणून मुलांनी टाळ्या पिटल्या. खळ्याचा मालक शेकोटीशी बसला होता. तो म्हणाला, "चित्ता आणा, नाही तर आणखी काही आणा, पण ही हरणं दिवसा सरकारची असतात अन् रात्री माझ्या ज्वारीत असतात, तेवढं लिहा मास्तर." त्याप्रमाणे येथे लिहिले आहे.

तिसऱ्या दिवशी करमाळा, परांडा, बार्शी, वैराग असा लांबचा पल्ला मारून तिन्हीसांजेस नान्नजला उतरलो. सोलापूरपासून सुमारे पाच कोसांवरचे हे गाव माळढोकामुळे जगास ठाऊक झाले. १९७९ साली जे माळढोक अभयारण्य जाहीर झाले ते सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरले होते व त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. कर्जत व करमाळा हे तालुकेही त्यात होते. म्हणजे आदल्या दिवसापासून आम्ही ज्या वाटेने आलो तिचा बराच भाग कागदावर एके काळी माळढोकाच्या मालकीचा होता. त्यात गावे होती, शेते होती, बाजार होते. जमिनीचे व्यवहार अडू लागले, लोक त्रासले, व पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. एटोशाचेही असेच झाले आहे. १९०७ साली राखीव ठेवलेला तो मुलूख आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. तेथेही माळढोकाचा एक भाऊबंद राहतो. कोरी नावाचा तो पक्षी उडणाऱ्या पाखरांत वजनाने सर्वांत भारी गणला जातो. आपला माळढोकही काही कमी नाही. नर मीटरभर उंच व पंधरा किलोपर्यंत वजनाचा असतो.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्यापूर्वी वनरक्षकाबरोबर आम्ही निघालो. अण्णांची खुर्ची एका उंचवट्यावर मांडली. पिवळ्या गवतावर दव पडले होते. प्रथम चंडोल बोलू लागला. मग पखुर्ड्यांचा थवा किलबिलत पाण्याकडे गेला. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेले भोवत्ये गवतास पंख घासतील इतक्या खालून घिरट्या घालीत होते. एक खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसली होती. आणि ऊन थोडे वर आल्यावर दोन लांडगे, एकामागे एक, कोणाचीही पर्वा न करता माळ ओलांडून गेले. मुलांनी श्वास रोखून धरला होता. ज्यास आपण ओसाड म्हणतो तेथे एका सकाळी एवढी वर्दळ!

माळढोक मात्र दिसला नाही. सायंकाळी नाही, व पुढील सकाळीही नाही.

वनरक्षकाने संकोचून सांगितले की, आता येथे तो दिसणे नशिबाचे झाले आहे. साऱ्या देशात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास, किंवा त्याहूनही थोडे, उरले असावेत, व त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. मादी बहुधा एका विणीत एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, व पक्ष्यास समोरचे नीट दिसत नसल्याने तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. जैसलमेरला अंडी उबवून पिले वाढविण्याचा प्रयत्न २०१९ पासून चालू आहे व त्यास यशही येत आहे. परंतु ती पिले मोठी झाल्यावर सोडावयाची कोठे?

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडं त्याला हूम म्हणायचे." वनरक्षकाने चमकून वर पाहिले. अण्णा पुढे सांगू लागले, "मिरगाचं आभाळ भरून आलं की नर उंचावर उभा राहायचा. शेपूट वर करायचा अन् गळ्याखाली पांढरी पिशवी सोडायचा, पार गुडघ्यापर्यंत. मग हूम असा आवाज काढायचा. लांबून यायचा आवाज, आडात घागर बुडाल्यासारखा. आम्ही पोरं बैलांच्या आड लपायचो."

"आजोबा, हे तुम्ही कुठं बघितलं?"

"आमच्याच माळावर. तेव्हा आमचं गाव अंबड तालुक्यात होतं. कालवा यायचा होता."

वनरक्षक म्हणाला, "मी इतकी वर्षं नोकरी केली, पण ती पिशवी मी चित्रातच बघितली, आजोबा." एवढे बोलून त्याने अण्णांच्या पायांस हात लावला. थोरला भाचा, ज्याने ही गोष्ट सर्वांत अधिक थट्टेवारी नेली होती, तो अण्णांच्या खुर्चीशी येऊन बसला व पुन्हापुन्हा तो आवाज काढून दाखवावयास सांगू लागला. अण्णांनी तो दोनदा काढला. तिसऱ्या वेळी त्यांस खोकला आला.

परतीचा प्रवास एका दिवसात झाला. घरी आल्यावर मुलांनी एक नवाच उद्योग आरंभिला. सुटीचे उरलेले दिवस ती सकाळ-संध्याकाळ आमच्या माळावर जाऊन बसत व दिसेल ते वहीत टिपीत. चंडोल, तितर, ससा, घोरपड, एक भोवत्या, मुंगूस, व नावे न कळलेली अकरा पाखरे, अशी यादी झाली. ती वही त्यांनी आमच्या थोरल्या बंधूंपुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश, पाने उलटून, शेवटपर्यंत पाहिली व विचारले, "यात माळढोक कुठं आहे?" मुले काही बोलली नाहीत. अण्णा ओसरीवर होते. त्यांनीही काही म्हटले नाही.

यंत्रवाल्यास बंधूंनी आता पाडव्यानंतर ये म्हणून कळविले आहे. इसार मात्र परत मागितलेला नाही.