मत्स्यपेटी : तयार कीं घरीं बांधलेली?

खानदेश म्हटलें कीं परक्या माणसाच्या डोळ्यांपुढें कापूस, केळीं आणि वैशाखांतलें ऊन उभें राहतें. पाण्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. वस्तुतः जळगांवाहून धुळ्यास निघालेला प्रवासी नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांच्या वाटेवर नद्याच ओलांडीत जातो. शहर सोडतांच बांभोरीजवळ गिरणा लागते, एरंडोलास अंजनी, पारोळा तालुक्यांत बोरी आणि धुळ्यास पांझरा. उन्हाळ्यांत या नद्या पाण्यापेक्षां वाळूच अधिक दाखवितात. म्हणूनच कीं काय, इकडच्या माणसास पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाहीं.

यंदाच्या वैशाखांत आम्ही या वाटेनें गेलों, तेव्हां एक घरगुती काम आमच्यावर सोपविलेलें होतें. आमच्या धुळ्याच्या आप्तांच्या घरीं लहानमोठीं मिळून चौदा माणसें. मुलांनीं मासे पाळण्याचा हट्ट धरलेला. आजोबांची संमति मिळालेली. आजींची अट एकच, कीं जीव घरांत आणायचे तर ते आपल्या हौसेपायीं तडफडून मरूं नयेत. प्रश्न उरला तो पेटीचा. सर्व साहित्यासह मिळणारा तयार संच घ्यावा, कीं कांच कापून आणून पेटी घरींच बांधावी? जळगांवचीं दुकानें पाहून आम्हीं सल्ला द्यावा, असें ठरलें होतें.

तयार संचाचें रूप मोठें लोभस असतें. पेटी, झांकण, झांकणांत बसविलेला दिवा, पाणी गाळणारा पंप, सारें एका खोक्यांत. सांधे कारखान्यांतच जोडलेले, विजेच्या तारा नीट झांकलेल्या. ज्या घरांत हत्यार धरणारा हात नाहीं, किंवा रांगतें मूल आहे, तेथें हा गुण थोडा नव्हे. परंतु स्वस्त संच बहुधा लहान असतात, आणि लहान पेटी सांभाळण्यास सोपी, ही समजूत अगदीं उलटी आहे. थोडें पाणी लौकर तापतें आणि लौकर बिघडतें. गोल कांचेच्या भांड्याचें तर नांवच काढूं नये. शिवाय कांहीं संचांत पाणी ऊन ठेवण्याचा हीटर असतो. मे महिन्यांत पारा पुष्कळदां ४५ अंशांपलीकडे जातो, त्या जळगांवांत उन्हाळाभर त्याचा उपयोग काय?

घरच्या पेटीचा हिशेब असा. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी व उंची ३० सेंटिमीटर धरली, तर ५४ लिटर पाणी मावतें. म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन ५४ किलो. कांच व वाळू धरून सत्तर किलोंच्या आसपास भार होतो. तेव्हां भिंतींतल्या फळीवर ती ठेवण्याचा विचारही करूं नये. कांच ५ ते ६ मिलिमीटर जाडीची घ्यावी व तिच्या कडा घासून घ्याव्या. पूर्वी लोखंडी चौकट आणि लांबी वापरीत. आतां सिलिकॉननें कांचेला कांच जोडतां येते. मात्र न्हाणीघराच्या फटी बुजविण्याच्या सिलिकॉनमध्यें बुरशीनाशक मिसळलेलें असतें, तें माशांस घातक होय. जोडलेली पेटी दोन दिवस वाळूं द्यावी, मग अंगणांत कांठोकांठ भरून आणखी दोन दिवस ठेवावी. गळायची असेल ती अंगणांतच गळेल.

घरच्या पेटीचा खरा लाभ पैशांत नाहीं. मापांत व झांकणांत आहे. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत प्राणवायु सुमारें ९ मिलिग्रॅम विरघळतो. ३० अंशांवर साडेसातच. म्हणजे ज्या दिवसांत माशाला दम लागतो, त्याच दिवसांत पाण्यांतली हवा उणी होते. यावर उपाय आपल्या माठानेंच सांगून ठेवला आहे. पेटीचें तोंड उघडें ठेवून वर बारीक जाळी बसवावी आणि पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊं द्यावा. खानदेशच्या कोरड्या हवेंत बाष्पीभवनानें पाणी दोन-तीन अंशांनीं तरी उतरतें. बंद झांकणाच्या संचांत ही सोय नाहीं. पेटीची जागाही दिवाणखान्याची खिडकी नव्हे, तर माजघरांतली थंड भिंत असावी.

येथवर पारडें घरच्या पेटीकडे झुकलें. परंतु जी गोष्ट तयार मिळत नाहीं आणि एका दिवसांत घरीं बांधतांही येत नाहीं, ती अजून राहिलीच. ती म्हणजे पाणी. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति होती. पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यानें गोगलगायी सोडल्या, आणि सारें स्थिरस्थावर झालें. मासा, झाड आणि कुजकें खाणारा जीव यांचा मेळ बसला पाहिजे, हें त्यानें दाखविलें. त्यांत डोळ्यांस न दिसणारे जंतुही असतात. माशांपासून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचें ते प्रथम नायट्राइट व पुढें नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोडें असल्यास सोसतें, आणि झाडें तें खातात. या जंतूंची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणल्या दिवशींच मासे सोडले, तर ते पहिल्या पंधरवड्यांत कां मरतात, याचें उत्तर हेंच. पेटी तयार असो वा घरची, हा काल कोणासही चुकत नाहीं.

नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उडून जाण्यास तें रुंद भांड्यांत एक दिवस ठेवावें. विहिरीचें पाणी बहुधा जड असतें. पेटींतलें पाणी उडालें म्हणून वरून तेंच ओतीत राहिल्यास क्षार सांचत जातात. सबब दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून नवें घालावें, आणि गाळणीचा स्पंज नळाखालीं न धुतां त्या काढलेल्या पाण्यांतच पिळावा. नाहींतर जंतूंची वस्ती क्लोरीननें मरते. माशांमध्यें झेब्रा डॅनिओ किंवा टिक्टो बार्ब निवडावे. दोन्ही आपल्याच देशांतल्या ओढ्या-नद्यांतले. १८२२ साली हॅमिल्टननें त्यांचें शास्त्रीय वर्णन केलें. एवढ्या पेटींत आठ पुरेत.

धुळ्यास पोहोंचल्यावर हें सर्व सांगून झालें, तरी एक काळजी उरली. चौदा माणसांच्या घरांत माशांस उपाशी मरण्याचें भय नसतें. चौदा हातांनीं खाऊं घालण्याचें भय असतें. उरलेलें अन्न कुजतें आणि पाणी नासतें. यावर तोडगा पांझरेच्या काठींच सांपडला. साक्री-धुळ्याकडे शेंकडों वर्षें चालत आलेली फडपद्धति पुष्कळ वाचकांस ऐकून ठाऊक असेल. नदीवर बंधारा, त्यांतून पाट, पाटाखालीं फड, आणि एका फडांत एकच पीक. पाणी साऱ्या गांवाचें. परंतु शेतकऱ्यानें आपल्या हातानें बारें फोडायचें नाहीं. पाणी देतो तो पाटकरी, राखतो तो जागल्या. आज ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आली आहे, तरी कांहीं बंधाऱ्यांवर ती अजून चालते. आजोबांनीं तिचाच नियम घरांत लावला. नववींतल्या नातीस पाटकरीण नेमलें, धाकट्या नातवास जागल्या. दाणे दिवसांतून एकदां, तिच्याच हातून, आणि दोन मिनिटांत संपतील एवढेच.

निर्णय असा झाला कीं पेटी कांचवाल्याकडून मापाची कापून घ्यावी, पंप व दिवा तेवढे दुकानांतून सुटे आणावे. ज्या कुटुंबास एवढी खटपट नको, त्यानें तयार संच अवश्य घ्यावा. मात्र मोठा घ्यावा, उन्हाळ्यांत झांकण काढून जाळी बसवावी, आणि पाण्याचा पाटकरी आधीं नेमावा. आम्ही निघालों तेव्हां पेटींत धुतलेली वाळू, चार झाडें आणि नितळ पाणी होतें. पाटकरीण रोज चिमूटभर दाणे त्यांत टाकीत होती, जंतूंची वस्ती व्हावी म्हणून. जागल्या दिवसांतून दहादां विचारी, “मासे केव्हां?” आजींनीं पंचांग पाहून सांगितलें, “आषाढांत. पाऊस पडूं दे, पाणी निवूं दे, मग पाहुणे येतील.”