द्राक्षांचे आसव

खामगावच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकते, आणि 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा आल्यापासून गावाचे ऐश्वर्य रुईच्या गाठींतच बांधले गेले. तरीही द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाशी माझा परिचय अगदी बालपणीच झाला, आणि तोही कडक सोवळे पाळणाऱ्या आजीच्या हातून. तापातून उठलेल्या नातवंडाला ती जेवणानंतर समभाग पाण्यातून दोन चमचे द्राक्षासव देई. द्राक्षे, गूळ आणि धायटीची फुले मुरताना आपोआप उत्पन्न होणाऱ्या मद्यार्कामुळेच ते औषध टिकते, हे तिला कोणी सांगितले असते, तरी देवघराशेजारच्या कोनाड्यातून तिने ती बाटली हलविली असती, असे मला वाटत नाही. दारूचे नाव मात्र त्या घरात निषिद्ध होते.

पुढे नोकरीनिमित्त नाशिकास वास्तव्य घडले, तेव्हा निफाडनजीकच्या कुंदेवाडीत पाटील कुटुंबाचा द्राक्षमळा पाहण्याचा योग आला. राज्य शासनाच्या 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनचे कारखाने वाढले, त्या काळात या घराने इटालियन तज्ज्ञाच्या साहाय्याने ‘रेव्हेलो’ ही वाइन काढली आणि संजोव्हेजे, नेरो द’अव्होला अशा इटालियन जातींच्या वेली निफाडच्या मातीत रुजविल्या.

कपाशीच्या मुलखातल्या माणसास तेथे नवल वाटावे ते उत्पन्नाकडे पाहण्याच्या दृष्टीचे. आमच्याकडे एकरी किती क्विंटल, यावर शेतकऱ्याची प्रतिष्ठा ठरते. उत्तम वाइन करू पाहणारा मात्र वेलीवरचे काही घड स्वहस्ते उतरवून टाकतो, कारण उरलेल्यांत रस अधिक सकस उतरतो. खाण्याचे द्राक्ष टपोरे, बिनबियांचे, पातळ सालीचे; वाइनचे चिमुकले, बियांचे, जाड सालीचे, आणि रेड वाइनचा वर्ण त्या सालीतूनच येत असल्याने रस सालींसकट आंबू दिला जातो. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरता फळछाटणी, जानेवारी ते मार्च तोड, आणि त्यानंतर ओकच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरणे, या क्रमात कोठेही घाई झाली की ती पेल्यात उतरते. पगारी व्यवस्थापकाची नजर वर्षाच्या ताळेबंदावर असते. ज्या घराची जमीन आणि नाव दोन्ही बाटलीवर गहाण पडलेली असतात, त्याला वेलीच्या कलाने थांबावेच लागते. तेथली कॅबर्ने सोव्हिन्यों जिभेवर घेतली, तेव्हा पिकल्या जांभळासारखा तिचा तुरटपणा घशाशी रेंगाळला.

आता सेवानिवृत्त होऊन मी खामगावी आहे. सणावारी मुलगा नाशिकहून एखादी बाटली आणतो आणि भरीत-भाकरीबरोबर आम्ही पेलाभर घेतो. त्यासाठी 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये अबकारी खात्याचा परवाना मी बाळगतो; द्राक्षासवाला तो लागत नाही. मद्यार्क दोहोंत असतो, वाइनमध्ये अधिक, साधारण तेरा-चौदा टक्के; परंतु आजीच्या चमच्यात आणि पाटलांच्या मळ्यात मला एकच शिस्त दिसते, ती मोजून घेण्याची. पिणाऱ्याच्या अंगीही ती असावी. ज्याला पेला मोजता येत नाही, त्याने उत्तम वाइनच्या वाटेस जाऊ नये. त्याच्या हाती ती वाया जाते आणि तिच्या हाती तो.