कर्नाळा, धूर आणि मार्च एंड

गेले सहा महिने माझे शनिवार-रविवार एका परदेशी क्लायंटच्या सर्व्हरकडे गहाण पडलेत. सर्व्हरला जरा शिंक आली की माझा फोन वाजतो. रात्री दोनला वाजतो, जेवताना वाजतो, सासूबाई समोर बसलेल्या असताना तर हमखास वाजतो. परवाच्या शनिवारी ही पाळी दुसऱ्या एका दुर्दैवी जिवाकडे गेली, तेव्हा दुपारी बारापर्यंत झोपायचं असा माझा बेत ठरला होता. पण सकाळी साडेपाचला बायकोने पांघरूण ओढलं. म्हणाली, "ऊठ, कर्नाळ्याला जाऊ."

आम्ही राहतो नवीन पनवेलला. तिथून कर्नाळा बाईकवर अर्धा तास. गोवा हायवेवरून जाणारा प्रत्येक माणूस तो अंगठ्यासारखा सुळका बघून "तो बघ कर्नाळा" म्हणतो आणि पुढे पेणला जातो. तीन वर्षं आम्हीही तेच करत होतो.

गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत रक्कम भरली आणि चालायला लागलो. कर्नाळा हे १९६८ साली जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य, पण मार्चमध्ये पक्ष्यांपेक्षा पाचोळाच जास्त. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. झाडात कुठेतरी तांबट पक्षी टुक-टुक-टुक करत होता, अगदी नेमाने. "याचा बघ, हार्टबीट चालू आहे," असा एक पीजे मी मारला. बायको हसली नाही. एरवी एवढ्या चढावर ती अख्ख्या ऑफिसच्या भानगडी सांगून संपवते. त्या दिवशी नुसती पुढे चालत होती. मी म्हटलं मार्च एंड आहे, अकाउंट्सवाली माणसं दमतातच. असो.

कर्णाईदेवीच्या देवळापाशी टेकलो, मग कातळातल्या पायऱ्या आणि दरवाजा. इथून बोरघाटाकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नजर ठेवता येते, आणि म्हणूनच या एवढ्याशा किल्ल्यासाठी सगळे भांडले. गुजरातचे सुलतान, निजामशाही, पोर्तुगीज, मोगल. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो मोगलांकडून घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार होते, आणि त्यांचं गाव शिरढोण हायवेवरच लागतं. थोडक्यात, या डोंगराचं मुख्य काम एकच होतं: वर बसून बघत राहायचं.

माथ्यावर सव्वाशे फुटी सुळका आणि त्याच्या पायथ्याला कातळात खोदलेली पाण्याची टाकी. सुळक्यावर आग्यामोहोळं लटकलेली. 'जैत रे जैत'मधला लिंगोबाचा डोंगर तो हाच. मोहोळ दिसताच आम्ही आवाज खाली आणला, सावलीत बसलो आणि डबा उघडला. समोर प्रबळगड, माथेरानची लांबलचक रांग, इकडे माणिकगड. गूळ-तुपाच्या पोळीचा पहिला घास तोंडात होता तेवढ्यात बायको म्हणाली, "धूर."

माणिकगडाच्या बाजूला, खालच्या अंगाला करड्या धुराची एक रेघ वर चालली होती.

"राब असेल," मी पोळी चावत म्हणालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाताची रोपं करायच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून पावसाळ्याआधी जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. रायगड जिल्ह्यात हे दिवस त्याचेच.

"आणि वणवा असला तर?"

"वनखात्याला सॅटेलाइटवरून कळतं गं." मग मी माझं आवडतं लेक्चर सुरू केलं. डेहराडूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे एसएमएस अलर्ट पाठवते. त्यातल्या व्हीआयआरएस नावाच्या सेन्सरचा एक ठोकळा ३७५ मीटरचा...

"तो उपग्रह आत्ता आपल्या डोक्यावर आहे का?"

नव्हता. निदान मला सांगता आलं नसतं. तो दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो आणि झाडांखालची लहान आग त्याला चुकूही शकते. आम्ही मात्र आत्ता, या क्षणी, इथे बसून बघत होतो.

ती म्हणाली, "तुझं सगळं राबच असतं."

मला आधी कळलंच नाही. मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि धुराकडेच बघत सांगितलं. जानेवारीपासून तिला धड झोप नाही. रात्री तीनला जाग येते आणि छाती धडधडते. राजीनाम्याची मेल लिहून महिना झाला, ड्राफ्टमध्ये पडून आहे. आणि ती पाठवली नाही कारण घराचा हप्ता दोघांच्या पगारावर ठरलाय.

"मग सांगायचं ना मला!"

"म्हणजे अलर्ट पाठवायचा? अरे, तीनला तू पण जागा असतोस. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला असतोस."

यावर मी काय बोलणार! रोजच्या त्याच त्या अलर्टना आम्ही 'माहीत असलेला आवाज' असं लेबल लावून म्यूट करतो. तिचं गप्प राहणं मी 'मार्च एंड' या लेबलखाली म्यूट केलं होतं.

थोडा वेळ दोघंही नुसते बसून राहिलो. मग मी फोन काढला आणि वनखात्याचा १९२६ हा टोल-फ्री नंबर लावला. पलीकडून विचारलं, धूर नेमका कुठे? आणि इथे इंजिनियरची विकेट पडली. दिशा सांगता येत होती, अंतर नाही. अमेरिकेत १९१० साली वणव्यांनी सुमारे ३० लाख एकर जंगल खाल्लं. त्यानंतर तिथे शिखराशिखरांवर पहाऱ्याच्या चौक्या उभ्या राहिल्या. त्यांत ऑस्बॉर्न नावाच्या माणसाने बनवलेलं यंत्र असायचं. मध्ये गोल नकाशा, वर फिरती नेमपट्टी, धुरावर नेम धरायचा आणि कोन वाचायचा. पण एका चौकीवरून फक्त एक रेघ मिळते. दुसऱ्या शिखरावरून दुसरी रेघ आली की दोन्ही जिथे छेदतात तिथे आग. हे सगळं मला पाठ होतं, पण आमच्याकडे शिखर एकच होतं. शेवटी बायकोने फोन घेतला आणि खाली दिसणाऱ्या वाडीची कौलं, तिच्यामागचा ओढा, ओढ्यापासून वर दोन शेतं अशा खुणा सांगितल्या. पलीकडच्या माणसाला ते लगेच समजलं.

उतरताना ती बोलत होती. फार काही नाही, पण बोलत होती. या वेळी मी पीजे मारले नाहीत, शहाण्यासारखा ऐकत राहिलो.

गेटवर अनामत परत घेताना तिथल्या वनरक्षकाला धुराबद्दल विचारलं. त्याने दोन फोन केले. राबच होता. शेतकरी पाण्याचा हंडा घेऊन बाजूलाच उभा होता म्हणे. मी ओशाळलो, उगाच त्रास दिला म्हणालो. तो म्हणाला, "खोटं निघालेलं चालतं साहेब. उशिरा कळलेलं चालत नाही. जाळरेषा काढलेल्या असतात, पण वारं फिरलं की आग रेषा ओलांडते, मग आम्ही ओल्या फांद्या घेऊन रात्रभर मागे पळतो." त्याच्या हातावर जुन्या चटक्याचा डाग होता. आमच्या हापिसात खोटा अलर्ट आला की आम्ही अलर्ट लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो.

म्हणजे धुराच्या बाबतीत माझंच बरोबर निघालं. घरी येईपर्यंत हे मी बोलून दाखवलं नाही. लग्नाच्या तीन वर्षांत एवढी अक्कल आलीय :)

रविवारी एक्सेल उघडून दोघं बसलो. एका पगारात हप्ता बसतो, पण सात महिन्यांच्या वर बचत पुरत नाही. बाईकच्या जागी कार हे प्रकरण कटाप. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे, मार्चचा हिशोब बंद करून एक एप्रिलला पाठवायची असं तिने ठरवलंय. लोकांना एप्रिल फूल वाटेल, हा पीजे तिचा. सात महिन्यांत दुसरं काही मिळालं नाही तर काय, याचं उत्तर एक्सेलमध्ये नाही.

काल रात्री तीनला माझा फोन वाजला. नेहमीचाच अलर्ट होता. म्यूट केला आणि लॅपटॉप उघडायच्या आधी शेजारी बघितलं. ती जागी होती. चहा टाकला.