हरळी, हुरळी आणि रेसकोर्स

ऑगस्ट २०२२ मधले ते दिवस बेळगावकरांना अजून आठवत असतील. जाधवनगरमध्ये एका बांधकाम मजुरावर बिबट्यानं हल्ला केला आणि नंतर तो गोल्फ मैदानाच्या परिसरात शिरल्याचं कळलं. मग सापळे आले, कॅमेरे आले, ड्रोन उडाले. शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्तीसुद्धा आणले. आसपासच्या शाळांना सुट्ट्या लागल्या. त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव होतं, रेसकोर्स. "रेसकोर्सकडनं जाऊ नका", "रेसकोर्समध्ये दिसला म्हणे". आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला तर गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा, "कुदुरी इल्ल्री, चिरती ऐत्री!" म्हणजे घोडा नाही, बिबट्या आहे.

शेवटी बिबट्या काही हाती लागला नाही. पण कॉलेज पूर्ववत सुरू झाल्यावर वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं, "सर, तिथं रेस कधी व्हायची?"

वीस वर्षं मी शिकवतोय. पानिपतापासून बर्लिनच्या भिंतीपर्यंत प्रश्न विचारा, काहीतरी उत्तर देईन. पण घरापासून तीन किलोमीटरवरच्या जागेचं नाव तसं का पडलं, हे मला सांगता येईना. "बघून सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

त्या रविवारी आत्याकडे जेवायला गेलो होतो. आत्या ऐंशीला टेकलेली. माहेर मराठी, सासर बैलहोंगलकडचं कानडी, त्यामुळे तिच्या एका वाक्यात दोन्ही भाषा सुखानं नांदतात. बिबट्याचा विषय निघाला तेव्हा ती पोळी लाटता लाटता सहज म्हणाली, "अरे, त्या रेसकोर्सावरच तर तुझ्या पणजोबांची हयात गेली की."

माझा घास हातातच राहिला. आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो होतो ते वेगळं होतं. पणजोबा पलटणीत होते, मोठ्या हुद्द्यावर होते, साहेब त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे, वगैरे. वडील तर पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.

"पलटणीत नव्हते काय ते?" मी विचारलं.

"पलटणीतच. पण शिपाई नव्हते रे बाळा. आधी गवत कापायला होते. मागनं मोतद्दार झाले. तुझ्या बाबाला ते सांगायला लाज वाटायची. मला नाही वाटत."

आता मात्र मला दोन गोष्टी शोधायच्या होत्या, एक जागा आणि एक माणूस.

जागेचं कोडं तसं अवघड नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपताना इंग्रजांनी वेढा घालून बेळगावचा किल्ला घेतला. उंचावरची थंड हवा, भरपूर पाणी आणि वेंगुर्ले बंदरातून घाट चढून येणारी वाट, यामुळे इथं त्यांची छावणी चांगलीच रुजली. तिलाच आपण कँप म्हणतो. अशा छावण्यांचा साचा साधारण ठरलेला असे. कवायतीचं मैदान, चर्च, बाजार, जिमखाना आणि थोडं बाजूला, सपाट मोकळ्या जागी, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. पुण्याच्या कँपातलं रेसकोर्स १८३० चं आहे आणि ती जागा आजही लष्कराच्या ताब्यात आहे. मुंबईत तर त्याच्याही आधी टर्फ क्लब निघाला. तिथल्या शर्यती आधी भायखळ्याला होत आणि १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला गेल्या. भायखळ्याच्या त्या मैदानावर आज चाळी आणि रस्ते आहेत. जिथून घोडे धावले तिथून आता बस धावतात.

छावणीत शर्यत हा केवळ शौक नव्हता. अधिकाऱ्याला घोडा ही गरज होती. मुंबईच्या बाजारात अरबी घोडे समुद्रमार्गे येत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधून आलेल्या घोड्यांना त्या प्रांतावरूनच 'वेलर' म्हणत. आपल्याकडची भीमथडीची तट्टं काटक, पण उंचीनं कमी. कुणाचा घोडा चांगला, कुणाची मांड पक्की, याचा निकाल मैदानावरच लागे. पैजा लागायच्या त्याही तिथंच. पुढे १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात रेसकोर्सना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, म्हणजे तो कायदा आपल्यालाही लागू झाला.

मग घोडे कुठे गेले? १९३८ पासून हिंदी घोडदळाच्या रेजिमेंटा एकेक करून घोडे सोडून चिलखती गाड्यांवर आल्या. तोफा ओढायलाही मोटारी आल्या. बेळगावात १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, पण ते पायदळ. १९४७ नंतर गोरे अधिकारीही गेले. ज्यांचे घोडे होते ते गेले आणि ज्या कामासाठी घोडे होते ते कामही गेलं. मैदानावर झाडी वाढली आणि नाव तेवढं मागे राहिलं.

जागेचं एवढं जुळलं, पण माणसाचं काय?

कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी घोड्यांच्या शर्यतींविषयी जे मिळेल ते वाचत गेलो आणि एका माहितीपाशी थबकलो. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची वंशावळ छापायची सुरुवात इंग्लंडमध्ये १७९१ साली झाली. तेव्हापासून कुठल्या घोडीला कुठल्या घोड्यापासून शिंगरू झालं, याची नोंद पिढ्यानपिढ्या ठेवली जाते. आजच्या कुठल्याही जातिवंत घोड्याचा बाप, आजा, खापरपणजा कागदावर सापडतो. पुरुषांच्या बाजूनं मागे गेलं तर सगळे घोडे फक्त तीन मूळ पुरुषांपाशी पोचतात. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली, ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीनं जिंकली. घोडीचं नाव आहे, मालकाचं आहे, एडगर ब्रिट या जॉकीचंही आहे. पहाटे तिला चोळून, पाणी दाखवून, तिच्या पुढ्यात चंदी ठेवणाऱ्या माणसाचं नाव मला त्या पानांवर दिसलं नाही.

घोड्याला दोनशे वर्षांची वंशावळ आहे आणि मला माझ्या पणजोबांचं काम ठाऊक नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी, इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे टोचल्याशिवाय कसं राहील?

मग मी आत्याकडे पुन्हा पुन्हा जाऊ लागलो. ती सात-आठ वर्षांची असताना तिचे आजोबा थकले होते, पण बोलायचे भरपूर. त्या काळी साहेबाच्या प्रत्येक घोड्यामागे बहुधा दोन माणसं असत. एक मोतद्दार आणि एक गवत आणणारा. गवत म्हणजे कापलेला पेंढा नव्हे. रानात बसून खुरप्यानं हरळी मुळासकट खरवडायची, झाडायची, धुवायची आणि भारा डोक्यावर घेऊन तबेल्यात आणायची. आजोबांच्या उजव्या तळव्यात खुरप्याचा घट्टा होता. तो शेवटपर्यंत गेला नाही, असं आत्या सांगते. मोतद्दार झाल्यावर साहेब घोड्यावर आणि हे मागे धावत. "साहेब जिथं उतरंल तिथं लगाम धराय हे हजर पायजेत," असं ती म्हणाली.

"आणि शर्यतीच्या दिवशी?"

"त्या दिवशी आजोबा जेवायचे नाहीत म्हणे. घोडा धावून आला की त्याचा घाम पुसून, त्याला फिरवून, थंड करून, मगच ह्यांच्या पोटात अन्न. घोडा जिंकला तर साहेबाला कप. ह्यांना बक्षीस मिळायचं ते त्या दिवसापुरतं."

"आणि हरला तर?"

"तर काय, घोड्याला तेवढाच खरारा करायचा. घोड्याचा काय दोष, म्हणायचे."

एकदा तिनं ताटात हुलग्याचं माडगं वाढलं आणि म्हणाली, "हे घोड्याचं जेवण बरं का." मी हसलो, पण ते खरंच आहे. हुलग्याला इंग्रजीत 'हॉर्सग्रॅम' म्हणतात, कारण दक्षिणेत घोड्यांना हुलगे शिजवून चारत. पणजोबांच्या कपड्यांना कायम शिजलेल्या हुलग्याचा वास यायचा. सासरी गेल्यावर आत्याला पहिल्यांदा घोटाळा झाला तो याच धान्यावरून. सासूबाई म्हणाल्या, "हुरळी ताे." हिला ऐकू आलं हरळी. ही परसात जाऊन दूर्वांची जुडी घेऊन आली. घरभर हसू पिकलं. कानडीतली हुरळी म्हणजे आपला हुलगा आणि मराठीतली हरळी म्हणजे गवत. "पण घोड्याला दोन्ही लागतं," आत्या म्हणाली, "आणि आमच्या आजोबांनी जन्मभर दोन्ही केलं. मग माझं काय चुकलं?"

पुढच्या वर्षी, गणपतीच्या आधी दोन दिवस, आत्यानं फोन केला. "मला रेसकोर्सला घेऊन चल." बिबट्याची भीती ओसरली होती. सकाळी रिक्षानं निघालो. कँपातल्या जुन्या झाडांखालून जाताना ती अंतरं फर्लांगात सांगत होती. इथनं दोन फर्लांग, तिथनं एक. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, आजचे साधारण २०१ मीटर, आठ फर्लांगांचा एक मैल. इंग्रजांच्या शर्यती फर्लांगातच मोजल्या जात. आपल्याकडे आता शर्यतींनाही मीटर आले, पण आत्याच्या तोंडून फर्लांग अजून गेलेला नाही.

रस्त्याच्या कडेला उतरलो. पाऊस नुकताच उघडला होता. लाल माती, ओली झाडी, फिरायला आलेली चार माणसं. धावपट्टी नाही, स्टँड नाही, कठडा नाही. तिथं उभं राहून कुणालाही घोडा आठवणार नाही. माझ्या मनात थोडी निराशाच आली. एवढं शोधून इथं बघायला काहीच नव्हतं.

आत्या मात्र कडेच्या गवतात वाकून बसली. गुडघे दुखतात म्हणून घरी पाटावरही न बसणारी ती तिथं उकिडवी बसून निवडून निवडून दूर्वा खुडू लागली.

"इथनं कशाला? बाजारात मिळतात की," मी म्हणालो.

"बाजारात मिळतात. पण ही आजोबांची हरळी आहे," ती म्हणाली. "घोड्याला घातली, आता देवाला घालू."

तेव्हा मला कळलं की शोधायला मी उलटीकडून निघालो होतो. मी मैदान शोधत होतो, कठडे शोधत होतो, साहेबांच्या कपावर कोरलेली नावं शोधत होतो. तिला त्यातलं काहीच नको होतं. ज्या गवतावर तिच्या आजोबांचा संसार चालला ते गवत अजून तिथं होतं.

त्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीला रेसकोर्सच्या दूर्वा वाहिल्या. आरतीनंतर पाहुण्यांपैकी कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, "तुमचे पणजोबा पलटणीत होते ना?" वडील आज नाहीत. उत्तर मी दिलं. "हो. मोतद्दार होते. त्याआधी घोड्यांसाठी गवत कापायचे." कोपऱ्यात बसलेल्या आत्यानं फक्त पदर सारखा केला.

रस्त्यांची नावं बदलतात. दिल्लीतला रेसकोर्स रोड २०१६ मध्ये लोककल्याण मार्ग झाला, बेंगळुरूच्या रेसकोर्स रोडला २०२३ मध्ये अभिनेते अंबरीश यांचं नाव मिळालं. उद्या आपल्याकडचंही हे नाव कदाचित जाईल. जाऊ दे, पण त्याआधी घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसांना एकदा विचारून घ्या. मराठीत विचारा, कानडीत विचारा. त्यांच्या हातांवरचे घट्टे कशाचे आहेत तेही विचारा.

त्या विद्यार्थिनीला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, माझे आजोबा कँपात काय करायचे, ते मला माहीत नाही."

"मग आज घरी जाऊन विचार," मी म्हणालो.