कुर्ला ते घोटी : नव्याने बांधलेल्या इंजिनासोबत

मुंबईहून नाशिकला जाणारा जुना आग्रा रोड कुर्ल्यातून जातो. आज त्याला लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना याच कुर्ल्यात होता. १९६४ पासून येथे तयार झालेली फियाट पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी माहीत झाली. कुर्ल्याच्या गल्ल्यांत गॅरेज, लेथची दुकाने आणि जुन्या सुट्या भागांचे गाळे यांची दाटी. वडापावच्या वासातही येथे ऑईलचा वास मिसळलेला असतो.

१९९५ च्या हिवाळ्यात याच भागात आम्हा भावांच्या जुन्या पद्मिनीचे इंजिन उतरवले. भिशीच्या पैशांतून घेतलेली ही गाडी निळा धूर सोडत होती, ऑईल पीत होती. गावाकडचा आजारी माणूस मुंबईला आणायचा तर हीच गाडी आमच्या हाताशी. थोरल्या भावाचा मुलगा आय.टी.आय. मधून नुकताच बाहेर पडला होता. हे त्याच्या आयुष्यातले पहिले इंजिन. गॅरेजचे वयोवृद्ध उस्ताद त्याला एवढेच म्हणाले, "हात तुझे, नजर माझी." इंजिन बसले असते तर भिशीचा पैसा बुडालाच असता, शिवाय पोराची उमेदही गेली असती.

१०८९ सी.सी.च्या त्या इंजिनाचे बोअरिंग झाले. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी पडली. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी त्याने प्लग काढून ठेवले आणि ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवला. बेअरिंगांपर्यंत ऑईल पोचल्यावरच प्लग लावले. पुढचे पाचशे किलोमीटर शहरातच, बेताच्या वेगाने. मग ऑईल बदलले. काढलेले ऑईल त्याने पांढऱ्या थाळीत ओतून उजेडात पाहिले. रिंगा बसताना बारीक करडी भुकटी निघते, तिचे भय नाही. चमकते तुकडे दिसले तर मात्र इंजिन पुन्हा उघडावे लागते. तुकडा नव्हता. इंजिन थंड असताना हेडचे बोल्ट मधून कडेकडे क्रमाने कसले, टॅपेटची फट गेजने मोजली आणि आम्ही गावी निघालो.

ठाणे, भिवंडी मागे टाकून पडघ्याला पहिला थांबा. सपाट जागा, इंजिन बंद, दहा मिनिटे विश्रांती. ऑईल चेंबरमध्ये उतरल्याशिवाय पट्टी खरे बोलत नाही. पट्टी पुसून पुन्हा बुडवली. दोन खुणांच्या मध्ये ऑईल. आई हसून म्हणाली, "अरे, माणसाची नाडीसुद्धा इतकी कोणी बघत नाही!"

शहापूरला टॅपेट कव्हरच्या कडेला ओल दिसली. पुतण्याने ती पुसली, स्क्रू थोडे थोडे आवळले. जास्त आवळले तर गास्केट चिरडते आणि गळती वाढते. कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी पुन्हा बोनेट उघडले. कडा कोरडी होती.

कसारा घाटात समोरून उतरणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास येत होता. आम्ही खालच्या गिअरमध्ये, इंजिन न दमवता चढलो. गाडीत कोणी बोलत नव्हते; सगळ्यांचे कान इंजिनाकडे. इगतपुरीला गार वारा अंगावर आला तेव्हा आईने पहिल्यांदा पदर सैल केला. तापलेल्या रेडिएटरच्या टोपणाला कोणी हात लावला नाही. पट्टीवरचे ऑईल तेवढेच होते आणि दुधाच्या चहासारखे झालेले नव्हते. म्हणजे त्यात पाणी शिरले नव्हते. घोटीच्या भातगिरण्या ओलांडून संध्याकाळी आम्ही गावात पोचलो. पुतण्याने वहीत तारीख, किलोमीटर आणि ऑईलची पातळी लिहिली, मग पाणी प्याला.

मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पुतण्याचे आता स्वतःचे गॅरेज आहे. इंजिन बांधून दिलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला, टेम्पोवाल्याला तो एक चिंधी आणि एक वही देतो. वाचक बंधु-भगिनींनो, ज्या गाडीवर घराची चूल चालते, तिची पट्टी सकाळी निघण्यापूर्वी पाहायला दोन मिनिटे लागतात. घरातल्या मुलामुलींना ते पाहायला शिकवावे आणि वहीत त्यांच्याच हाताने लिहू द्यावे.